लिंकनच्या पणजोबांची काउंटी कोणती?

मार्च 1848 मध्ये इलिनॉयचे एक नवखे काँग्रेस-सदस्य वॉशिंग्टनमध्ये बसून एका अनोळखी माणसाला आपल्या घराण्याची माहिती लिहून कळवत होते. वय एकोणचाळीस, नाव अब्राहम लिंकन. ज्यांना पत्र चाललं होतं ते सॉलोमन लिंकन मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहम गावचे. त्यांनी गावाचा इतिहास लिहिलेला होता आणि हा पश्चिमेकडचा लिंकन आपल्यापैकीच आहे का, अशी चौकशी केली होती. उत्तर प्रामाणिक होतं, पण त्यात फारसं काही नव्हतं. वडील थॉमस. आजोबांचंही नाव अब्राहमच. ते व्हर्जिनियातल्या रॉकिंगहम काउंटीतून 1782 च्या सुमारास केंटकीला गेले आणि दोन वर्षांत मूळनिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आले आणि ते क्वेकर पंथाचे होते, असं घरात अंधूकसं सांगतात. त्यामागचं काही ऐकलेलं नाही.

त्याच महिन्यात त्यांनी रॉकिंगहममधल्या डेव्हिड लिंकन यांनाही पत्र लिहिलं. अकरा वर्षांनी, अध्यक्षपदाच्या उमेदवारीची कुजबूज सुरू झाल्यावर, एका मित्राच्या आग्रहाखातर त्यांनी स्वतःचं लहानसं चरित्र लिहून दिलं. त्यात पेनसिल्व्हेनियातल्या जागेचं नाव आलेलं दिसतं: बर्क्स काउंटी. न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला. पण दोन्हीकडे मॉर्डेकाय, एनॉक, सॉलोमन, अब्राहम अशी तीच ती नावं आढळतात, यापलीकडे हाती काही लागलं नाही, असंही त्यांनी नोंदवलं.

आता यातली गंमत अशी की साखळीची दोन्ही टोकं तेव्हाच सापडलेली होती. एक टोक सॉलोमन यांच्याकडे हिंगहममध्ये, दुसरं अब्राहम यांच्याकडे. मधली कडीही हरवलेली नव्हती. ती फिलाडेल्फियाच्या दप्तरात व्यवस्थित पडून होती. पण बर्क्स काउंटीच्या माणसाचं मृत्युपत्र फिलाडेल्फियात कोण शोधणार?

इथे काउंटी म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, कारण आपल्या जिल्ह्याच्या कल्पनेने ती नीट कळत नाही. इंग्रज वसाहतवाल्यांनी हा शब्द मायदेशातून आणला. व्हर्जिनियात 1634 मध्ये पहिले आठ विभाग पाडले गेले, तेव्हा किनाऱ्यालगतची ती वस्ती मूठभर होती. प्रत्येक विभागाला एक कोर्ट. गावातले जमीनजुमलावाले लोकच तिथे न्यायाधीश म्हणून बसत. हे कोर्ट भांडणं मिटवीच, शिवाय खरेदीखतं नोंदवी, मृत्युपत्रं मान्य करी, अनाथ मुलांना पालक नेमून देई, रस्त्याची डागडुजी कोणी करायची ते ठरवी आणि कराची यादीही तिथेच बने. सामान्य माणसाचा सरकारशी जो काही संबंध येई तो या एका इमारतीत. राजा लंडनमध्ये आणि गव्हर्नर राजधानीत, पण आयुष्याचा कागद काउंटीत.

म्हणून कोर्ट लांब पडलं की सगळंच अडे. वस्ती नद्यांच्या काठाने वर सरकत डोंगरापलीकडे गेली, की लोक विधिमंडळाकडे अर्ज करत: खरेदीखत नोंदवायला दोन-दोन दिवस घोड्यावर काढावे लागतात, मधल्या नद्या पावसात उतरता येत नाहीत, आम्हाला वेगळी काउंटी द्या. विधिमंडळ देईही. जुन्या काउंटीचा तुकडा पडे, त्याला एखाद्या राजपुत्राचं किंवा गव्हर्नरचं नाव मिळे, नवी वही उघडली जाई. जुनी वही मात्र जुन्या कोर्टातच राही. तीत जुन्या काउंटीच्या इतर लोकांचेही व्यवहार असत. ती फाडून वाटून कशी देणार? नियम एवढाच: कागद ज्या दिवशी झाला, त्या दिवशी जमीन ज्या काउंटीत होती तिथेच तो राहतो. माणसांची स्मरणशक्ती याच्या अगदी उलट चालते. घरात जे नाव सर्वांत शेवटी वापरात होतं, तेच मुलानातवंडांपर्यंत पोचतं. लिंकन घराण्याची मधली वर्षं याच फटीत पडली.

सुरुवात इंग्लंडातल्या नॉरफॉकमधून होते. तिथल्या हिंगहम गावचा सॅम्युअल लिंकन हा विणकामाचा उमेदवार 1637 मध्ये बोटीने मॅसॅच्युसेट्सला आला आणि आपल्याच गावाचं नाव दिलेल्या नव्या हिंगहममध्ये राहिला. काउंट्या तिथे आल्या त्याच्या सहा वर्षांनी, 1643 मध्ये, आणि हिंगहम सफोकमध्ये गेलं. त्याच वर्षी वसाहतीच्या उत्तर टोकाला नॉरफॉक नावाचीही काउंटी झाली. ती पुढे मोडली, आणि शंभर वर्षांहून अधिक काळाने, 1793 मध्ये, बॉस्टनच्या दक्षिणेला दुसरीच नॉरफॉक काउंटी उभी राहिली. एकाच राज्यात एकाच नावाच्या दोन काउंट्या, मधे एका शतकाहून जास्त अंतर, आणि एकीचा दुसरीशी काडीचाही संबंध नाही. हिंगहम स्वतः 1803 मध्ये सफोकमधून निघून प्लिमथ काउंटीत गेलं. न्यू इंग्लंडात तरी ही उलथापालथ फारशी बाधत नाही, कारण तिथे जन्म-लग्न-मृत्यूची नोंद गावच ठेवी. गाव जागचं हललं नाही, तर माणूस सापडतो. सॉलोमन लिंकन यांना आपली बाजू पक्की वाटत होती ती त्यामुळेच.

सॅम्युअलचा मुलगा मॉर्डेकाय लोखंडकामात शिरला. त्याच्या मुलाचं नावही मॉर्डेकायच, जन्म 1686. हा मुलगा घराबाहेर पडला आणि इथून धागा सुटतो. तो न्यू जर्सीच्या मॉन्मथ काउंटीत गेला, तिथल्या हॅना सॉल्टरशी लग्न केलं, जमिनी घेतल्या. 1720 च्या सुमारास तो पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर काउंटीत आला आणि फ्रेंच क्रीकवरच्या लोखंडाच्या भट्टीत भागीदार झाला. भागीदारी विकून आणखी वर सरकला आणि स्कायलकिल नदीच्या खोऱ्यात ॲमिटी टाउनशिपमध्ये जमीन घेतली. 1733 मध्ये तिथे त्याने बांधलेलं दगडी घर अजून उभं आहे. ते कुठे आहे असं आज विचारलं तर उत्तर येईल: एक्झेटर टाउनशिप, बर्क्स काउंटी. मॉर्डेकायला हे उत्तर कळलं नसतं. 1736 मध्ये तो वारला तेव्हा ती जागा फिलाडेल्फिया काउंटीत होती. बर्क्स काउंटी जन्माला आली 1752 मध्ये, फिलाडेल्फिया, चेस्टर आणि लँकेस्टर या तिघींचे लचके जोडून. तोवर मॉर्डेकायला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

त्याचं मृत्युपत्र फिलाडेल्फियाच्या दप्तरात दाखल झालं. इथली जमीन त्याने दुसऱ्या बायकोपासून झालेल्या मुलांना दिली. पहिल्या बायकोचा मुलगा जॉन, त्याला न्यू जर्सीतली तीनशे एकर. बाप पेनसिल्व्हेनियात मेला आणि थोरल्या मुलाला वाटणी आली दुसऱ्या वसाहतीतली, हे वरवर विचित्र वाटतं. वंशावळ शोधणाऱ्यांना मात्र नेमकं हेच उपयोगी पडलं. 1748 मध्ये जॉनने ती जर्सीची जमीन विकली आणि खरेदीखतात स्वतःची ओळख लिहिली: लँकेस्टर काउंटीचा विणकर, मॉर्डेकायचा मुलगा. एका कागदात दोन वसाहती, दोन काउंट्या आणि बापलेकांचं नातं. हिंगहमच्या मॉर्डेकायला पेनसिल्व्हेनियाच्या जॉनशी बांधणारा इतका स्वच्छ कागद मिळणं हे नशीबच. आणि तो बर्क्समध्ये मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

बर्क्सच्या त्या परिसरातलं आणखी एक घराणं सांगण्यासारखं आहे. लिंकनांचे शेजारी होते बून. केंटकीच्या वाटा शोधणारा म्हणून अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना ठाऊक असलेला डॅनिएल बून 1734 मध्ये तिथेच जन्मला. त्याचंही जन्मस्थळ आज बर्क्समध्ये दाखवतात आणि त्याच्याही जन्माच्या वेळी बर्क्स नव्हती. मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाने, त्याचंही नाव अब्राहम, पुढे डॅनिएलची चुलत बहीण ॲन बून हिच्याशी लग्न केलं. या घराण्यात अब्राहम इतके आहेत की काउंटी धरून ठेवली नाही तर काका आणि पुतण्या यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही.

जॉन हा अध्यक्ष लिंकन यांचा पणजोबा. 1768 मध्ये तो व्हर्जिनियात उतरला आणि शेनँडोआ खोऱ्यात लिनविल क्रीकवर सहाशे एकर जमीन घेतली. पेनसिल्व्हेनियातून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीरस्त्याने त्या काळात जर्मन आणि अल्स्टरकडचे स्कॉट-आयरिश लोक हजारोंनी या खोऱ्यात येत होते. स्वस्त जमीन हे मुख्य कारण, आणि ते पुरेसं होतं. घरात सांगत ते ‘रॉकिंगहम’ हेच. पण 1768 मध्ये रॉकिंगहम नव्हती. लिनविल क्रीक ऑगस्टा काउंटीत होता आणि जॉनच्या जमिनीचे कागद स्टाँटनच्या कोर्टात नोंदले गेले.

ऑगस्टा काउंटी हा एक प्रकारच होता. 1734 मध्ये व्हर्जिनियाने ऑरेंज काउंटी केली तेव्हा तिची पश्चिम हद्द ठरवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही; वसाहतीचा दावा जिथवर तिथवर काउंटी. 1738 च्या कायद्याने तिच्यातून डोंगरापलीकडच्या दोन काउंट्या काढल्या आणि युवराज फ्रेडरिक व त्याची पत्नी ऑगस्टा यांची नावं त्यांना दिली. पण चालवायला माणसंच नव्हती. फ्रेडरिकचं कोर्ट 1743 मध्ये बसलं, ऑगस्टाचं 1745 मध्ये. कागदावर ऑगस्टा मिसिसिपी नदीपर्यंत जात होती. त्या मुलखात शॉनी, चेरोकी आणि इतर लोक राहत, शिकार करत, लढत होते. आपण ऑगस्टा काउंटीचे रहिवासी आहोत हे त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. वंशावळीच्या शोधात ही बाजू सहज नजरेआड होते. सरकारी दप्तर सुरू होतं तिथूनच इतिहास सुरू झाला, असा भास होतो.

जॉनचा मुलगा अब्राहम, ज्याला कॅप्टन अब्राहम म्हणतात, त्याने केंटकीत लाँग रन या ओढ्यावर चारशे एकरांवर हक्क सांगितला. या एका तुकड्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. 1734 पासून ही जमीन ऑरेंजमध्ये, मग ऑगस्टात. 1770 मध्ये ऑगस्टाचा दक्षिण-पश्चिम भाग तोडून गव्हर्नर बोटेटॉर्ट याच्या नावाची काउंटी केली, तीत गेली. तो कायदा करणाऱ्यांनाही ही व्यवस्था टिकायची नाही हे माहीत होतं. मिसिसिपीला मिळणाऱ्या नद्यांच्या काठच्या लोकांना कोर्ट फार लांब पडेल, संख्या वाढली की त्यांची वेगळी काउंटी करावीच लागेल, म्हणून कोर्ट आणि तुरुंगाच्या बांधकामाची पट्टी त्यांच्यावर बसवू नये, असं त्यांनी कायद्यातच घालून ठेवलं. सरकारने आपल्या निर्णयाचं अल्पायुष्य निर्णयातच मान्य करावं, हे क्वचितच पाहायला मिळतं. दोन वर्षांत, 1772 मध्ये, फिनकॅसल काउंटी झाली. ती चार वर्षं जगली.

फिनकॅसल हा गव्हर्नर लॉर्ड डनमोरच्या घराण्यातला किताब. 1775 मध्ये डनमोर वसाहतवाल्यांवर उलटला आणि बंडखोरांचे जे गुलाम राजाकडून लढतील ते मुक्त, असा जाहीरनामा त्याने काढला, तेव्हा मळेवाल्यांच्या लेखी त्याच्याएवढा वाईट माणूस उरला नाही. 1776 च्या अखेरीस फिनकॅसल मोडून माँटगोमरी, वॉशिंग्टन आणि केंटकी अशा तीन काउंट्या केल्या. पहिल्या दोन नावांचे मानकरी राजाविरुद्ध लढणारे सेनापती. खोऱ्यात डनमोर नावाचीही एक काउंटी होती. 1778 मध्ये तिची शेनँडोआ झाली. शोधणाऱ्याचा पाय घसरतो तो नेमका इथे. फिनकॅसल नावाचं गाव आजही आहे, पण ते बोटेटॉर्ट काउंटीचं ठाणं. मोडलेल्या फिनकॅसल काउंटीचं दप्तर तिथे नाही. ते माँटगोमरीकडे क्रिश्चन्सबर्गला गेलं.

केंटकी काउंटीही चारच वर्षं टिकली. 1780 मध्ये तिच्या तीन काउंट्या झाल्या: फेयेट, जेफरसन, लिंकन. लाँग रन जेफरसनमध्ये आला. म्हणजे जमिनीवर नांगर फिरायच्या आधीच सेहेचाळीस वर्षांत तिचा पत्ता सहाव्यांदा लिहिला गेला होता. तिथल्या मोजणीच्या कागदात मालकाचं आडनावही ‘लिंकहॉर्न’ असं पडलं आहे. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं.

कॅप्टन अब्राहमने लिंकन काउंटीतही जमिनीवर हक्क नोंदवला होता, आणि यावरून काउंटीला याच घराण्याचं नाव आहे असं वाटू शकतं. तसं नाही. ते नाव जनरल बेंजामिन लिंकन याचं. हा गृहस्थही हिंगहमचाच, पण दुसऱ्याच लिंकनच्या वंशातला. 1781 मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा कॉर्नवॉलिस स्वतः आजारपण सांगून आला नाही; त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याने तलवार पुढे केली, आणि वॉशिंग्टनने ती घ्यायला या बेंजामिन लिंकनकडे बोट दाखवलं. कॉर्नवॉलिस आपल्याला परका नाही. 1786 मध्ये तो हिंदुस्थानात गव्हर्नर-जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बरोबरीने श्रीरंगपट्टणवर गेल्या.

त्याच 1786 मध्ये, मे महिन्यात, लाँग रनवर शेतात काम करताना कॅप्टन अब्राहम मारला गेला. नातवाने 1784 सांगितलं होतं. घरातल्या आठवणीत दोन वर्षांची चूक ही काही मोठी नव्हे. त्याचा थोरला मुलगा मॉर्डेकाय धावत घरात गेला, बंदूक काढली आणि बापाच्या प्रेताजवळ उभ्या असलेल्या धाकट्या थॉमसवर चालून आलेल्या माणसाला त्याने टिपलं. थॉमस तेव्हा आठ वर्षांचा. मृत्यू जेफरसन काउंटीत झाला; मग मालमत्तेचा कागद तिथे असायला हवा. तो आहे नेल्सन काउंटीत. नेल्सन नुकतीच जेफरसनमधून वेगळी झाली होती आणि विधवा मुलं घेऊन तिच्या हद्दीतल्या बीच फोर्क भागात राहायला गेली होती. म्हणून 1788 मध्ये बार्ड्‌सटाउनच्या कोर्टाने कारभारी नेमला. मालमत्तेची जी यादी झाली तीत घोडे, गाई-वासरं, नांगर, रायफली, परांचे बिछाने. घरात राहिलेल्या माणसाचा चेहरा यापेक्षा स्पष्ट दिसायचा नाही. जमीन मात्र तेव्हाच्या व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे थोरल्या मुलाला गेली आणि थॉमसच्या हाती काही आलं नाही.

1792 मध्ये केंटकी राज्य झालं आणि बीच फोर्क नेल्सनमधून निघून नव्या वॉशिंग्टन काउंटीत गेलं. नेल्सनचाच दुसरा तुकडा हार्डिन काउंटी झाला. पुढचं सगळं महाभारत या दोन नावांत अडकलं.

थॉमस मोठा होऊन हार्डिनमध्ये स्थायिक झाला. 1803 मध्ये त्याने तिथे शेत घेतलं. सुतारकाम करी. 1806 मध्ये नॅन्सी हँक्सशी लग्न झालं आणि दोघं हार्डिनच्या एलिझाबेथटाउनमध्ये राहिली. पहिली मुलगी तिथेच झाली. मुलगा झाला 12 फेब्रुवारी 1809 रोजी, गावापासून काही मैलांवरच्या शेतावर. 1818 मध्ये नॅन्सी वारली. पुढच्या वर्षी थॉमसने एलिझाबेथटाउनला येऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी दुसरं लग्न केलं. त्याची नोंद हार्डिनच्या वहीत आहे.

1860 मध्ये लिंकन अध्यक्षपदाचे उमेदवार झाले तेव्हा हार्डिनच्या सॅम्युअल हेक्राफ्ट यांनी त्यांना पत्र लिहिलं. हेक्राफ्ट तिथल्या कोर्टाचे जुने कारकून, साऱ्या वह्या तोंडपाठ. तरी त्यांनी उमेदवाराच्या आईचं नाव चुकवलं. लिंकन यांनी नम्रपणे दुरुस्ती केली: तुम्ही म्हणता ती वडिलांची दुसरी पत्नी; माझी आई नॅन्सी हँक्स. आणि माझा जन्म एलिझाबेथटाउनचा नाही. आज हॉजनव्हिल आहे त्याच्याजवळचा, तेव्हा हार्डिन काउंटीतला. ‘आज’ आणि ‘तेव्हा’ हे दोन शब्द त्यांनी किती नेमके घातले आहेत! जवान वयात त्यांनी जमिनी मोजण्याचं काम केलं होतं, पुढे वकिली केली. सतरा वर्षांपूर्वीच, 1843 मध्ये, त्यांचं जन्मस्थळ हार्डिनमधून लारू नावाच्या नव्या काउंटीत गेलं होतं.

हेक्राफ्टची चूक कशी झाली असेल, हे त्यांच्या वह्यांवरून लक्षात येतं. त्यांच्याकडे थॉमस लिंकनचं एकच लग्न नोंदलेलं होतं, दुसरं. पहिल्याचा पत्ता नव्हता. लिंकन यांच्या हयातीत आणि नंतर बरीच वर्षं ज्याने ज्याने शोधलं त्याने हार्डिनमध्येच शोधलं. कागद नाही म्हटल्यावर लोकांनी तर्क लढवले. विरोधकांनी तर लग्नच झालं नव्हतं, इथपर्यंत मजल मारली. देशाचा अध्यक्ष आणि त्याच्या आईबापांचं लग्न संशयात, यापेक्षा खमंग बातमी कुठली?

कागद होता तो वॉशिंग्टन काउंटीच्या स्प्रिंगफील्ड या ठाण्यात. लग्न मुलीच्या घरी लागे आणि लग्नाचं जामीनपत्र मुलीच्या काउंटीत भरलं जाई. नॅन्सी बीच फोर्कला बेरी कुटुंबात राहत होती. 1870 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारकुनाने जुन्या पुड्या सोडल्या, तेव्हा 10 जून 1806 चं जामीनपत्र निघालं. पन्नास पौंडांची हमी, खाली थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी यांच्या सह्या. मेथडिस्ट पाद्री जेसी हेड याने 12 जून रोजी लग्न लावल्याचा अहवालही तिथेच. लिंकन यांचा खून होऊन तोवर दहाहून अधिक वर्षं उलटली होती. आपल्या आईवडिलांच्या लग्नाचा हा कागद त्यांनी कधी पाहिला नाही. अफवाही लगेच थांबली नाही, ती आणखी पन्नासएक वर्षं पुस्तकांतून फिरत राहिली. लुई वॉरन यांनी 1926 मध्ये केंटकीच्या कोर्टांतले कागद काउंटीवार चाळून पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे तिचा जोर ओसरला.

रॉकिंगहमचं काय झालं तेही सांगायला हवं. ती काउंटी 1778 मध्ये ऑगस्टातून निघाली. कॅप्टन अब्राहम केंटकीला जाण्यापूर्वी जमीन विकून गेला तो इथून. जून 1864 मध्ये यादवी युद्धात उत्तरेची फौज जनरल हंटरच्या हाताखाली खोऱ्यात शिरली, तेव्हा रॉकिंगहमचं ठाणं असलेल्या हॅरिसनबर्गच्या कोर्टातल्या वह्या एका गाडीत भरून डोंगराकडे लपवायला पाठवल्या. फौजेने गाडी गाठली आणि पेटवून दिली. आसपासच्या लोकांनी ओलं गवत टाकून आग विझवली, पण काही वह्या जळाल्या, काही कडेने करपल्या. त्या आजही ‘जळीत दप्तर’ म्हणून वेगळ्या ठेवल्या आहेत. अध्यक्ष लिंकन यांच्या फौजेने अध्यक्ष लिंकन यांच्याच आजोबांच्या काळातलं दप्तर जाळलं. आजीचं माहेरचं आडनाव काय, यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला त्याचं एक कारण ही गाडी. 1778 च्या आधीच्या लिंकनांचं काही बिघडलं नाही. जॉनची लिनविल क्रीकची खरेदी ऑगस्टाच्या वहीत स्टाँटनला सुरक्षित होती. जुनी काउंटी कागद सोडत नाही, याचा असाही उपयोग.

थॉमस लिंकनने 1816 मध्ये केंटकी सोडली. मुलाने पुढे कारण लिहिलं ते असं: थोडं गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या घोळामुळे. तो घोळ काउंट्यांच्या फेरबदलाचाच सख्खा भाऊ. व्हर्जिनियाने केंटकीतल्या जमिनी आधी मोजून दिल्या नव्हत्या. ज्याला हवी त्याने वॉरंट घ्यावं, ओढा, खडक, खुणेचं झाड सांगून हक्क नोंदवावा. एकाच ठिकाणी तीन-तीन हक्क पडले, आणि नोंदी कुठल्या काउंटीत आहेत यावरून कज्जे वाढले. थॉमसने तीन शेतं घेतली आणि तिन्हींत तोटा खाल्ला. हॉजनव्हिलजवळचं दोनशे डॉलर मोजून घेतलेलं जन्मस्थळाचं शेतही त्यात गेलं. इंडियानात सरकारने जमीन आधी चौकोनांत आखून मग विकली, तिथे हा धोका कमी होता. अर्थात काउंट्यांनी तिथेही पाठ सोडली नाही. लिंकन कुटुंब उतरलं ती जागा पेरी काउंटीत होती. 1818 मध्ये ती नव्या स्पेन्सर काउंटीत गेली, आणि त्याच वर्षी नॅन्सी वारली.

तुटलेली साखळी शेवटी जोडली गेली ती फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, लँकेस्टर आणि ऑगस्टा इथले कागद एकमेकांशेजारी ठेवल्यावर. 1880 च्या दशकापासून हे काम चाललं. लिंकन यांच्या जन्मशताब्दीला, 1909 मध्ये, ली आणि हचिन्सन यांनी सगळी वंशावळ पुराव्यांसह छापली. नॉरफॉकच्या सॅम्युअलपासून केंटकीच्या अब्राहमपर्यंत सात पिढ्या. सॉलोमन लिंकन यांचा अंदाज बरोबर होता. आज हे काम सोपं झालं आहे. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने अमेरिकेतल्या प्रत्येक काउंटीच्या हद्दी कोणत्या दिवशी कशा बदलल्या याचा नकाशासंग्रह केला आहे, आणि तारीख घातली की त्या दिवसाची हद्द समोर येते. केंटकीत आता एकशेवीस काउंट्या आहेत; 1780 मध्ये तीन होत्या.

आईची बाजू मात्र अजून मोकळी आहे. नॅन्सी व्हर्जिनियात जन्मली एवढं मुलाने लिहून ठेवलं. बहुतेक अभ्यासक तिला ल्युसी हँक्सची मुलगी आणि जोसेफ हँक्सची नात मानतात. जोसेफ केंटकीला जाऊन नेल्सन काउंटीत राहिला आणि 1793 मध्ये वारला. त्याचं मृत्युपत्र बार्ड्‌सटाउनला आहे, पण त्यात ल्युसीचं नाव नाही. नॅन्सीचं जन्मस्थळ म्हणून जिथे स्मारक उभारलं आहे ती जागा आज वेस्ट व्हर्जिनियाच्या मिनरल काउंटीत आहे. मिनरल काउंटी 1866 मध्ये हँपशायरमधून निघाली. वेस्ट व्हर्जिनिया हे राज्यच मुळात 1863 चं, आणि ते व्हर्जिनियातून तोडण्याच्या कायद्यावर सही केली होती नॅन्सीच्या मुलाने, 31 डिसेंबर 1862 रोजी. तिच्या जन्माच्या सुमाराचे कागद पाहायचे तर हँपशायरकडेच वळावं लागतं. तिथल्या 1782 च्या कुटुंबप्रमुखांच्या यादीत जोसेफ हँक्स आहे, घरात अकरा माणसं. ती माणसं कोण, हे यादी सांगत नाही. तेव्हा फक्त कर्त्या पुरुषाचं नाव लिहीत आणि बाकीच्यांची डोकी मोजत.